तीन नंबरचं फाटक

मॅनेजरनं फोनवर पहिलं काय विचारलं असेल, तर "कुत्रा आहे का बरोबर?" मग "बंदूक?" मग "गाड्या किती?" नाव त्यानं सगळ्यात शेवटी विचारलं, आणि दोनदा स्पेलिंग सांगूनही ते त्याला काही लिहून घेता आलं नाही. शेवटी म्हणाला, "पांढरी प्राडो लिहितो."

त्या फोनपर्यंत पोचायला मला पाच आठवडे लागले होते.

झालं असं, की अ‍ॅडलेडमधली आम्ही दोन मराठी कुटुंबं जुलैच्या शाळेच्या सुट्टीत ऊडनाडाटा ट्रॅकला जायचं म्हणत होतो. मरी ते मार्ला, साधारण 620 किलोमीटरचा कच्चा रस्ता. (गावाचं नाव मरी आहे हे आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न "दुसरं गाव मिळालं नाही का?" असा होता.) या रस्त्याच्या कडेनं जुन्या घान रेल्वेचा मार्ग जातो, जो 1980 मध्ये बंद पडला. त्याच्याही आधी, 1872 मध्ये, इथूनच अ‍ॅडलेड ते डार्विन अशी तारेची लाइन पूर्ण झाली होती. तार, रेल्वे आणि गाडीरस्ता तिन्ही एकाच वाटेनं गेले, कारण झऱ्यांची रांग तिथं आहे. पाणी जिथं, तिथं वाट.

माझा मित्र टेलिकॉममध्ये आहे आणि जुन्या तारांचा त्याला नाद आहे. नकाशाच्या अ‍ॅपवर त्याला मुख्य रस्त्यापासून चाळीसेक किलोमीटर आत जाणारी एक तुटक रेष दिसली. तिच्या टोकाला जुने खांब आणि एक झरा. "जाऊ की," तो म्हणाला. मीही म्हटलं, जाऊ की. रेष आहे म्हणजे रस्ता आहे.

ऑफिसात हे सहज बोललो, तेव्हा शेतावर वाढलेला एक सहकारी माझ्या फोनमध्ये डोकावला आणि म्हणाला, "हा रस्ता नाही. ही कुणीतरी आपल्या पाण्याच्या टाकीकडे जायला पाडलेली चाकोरी आहे. तुझ्या घराच्या पार्किंगमधून मी शॉर्टकट मारला तर चालेल का?"

मला ते जरा लागलं. कारण माझ्या डोक्यात हिशेब वेगळाच होता. ही सगळी जमीन सरकारची आहे हे मी वाचलं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात गुरांची जी अवाढव्य 'स्टेशनं' आहेत (स्टेशन म्हणजे गुरं पाळायचा मुलूख, इथं गाडी थांबत नाही), ती बहुतेक मालकीची नसतात. सरकारकडून 42 वर्षांपर्यंतच्या पट्ट्यानं घेतलेली असतात, आणि पट्टा चराईचा. म्हणजे आपलं गायरान, असं मी धरलं. आणि गायरानातून जायला कोण कुणाला विचारतं?

हे चुकलं. इथं 1989 चा पशुपालन जमिनींचा कायदा आहे, आणि तो वाचायला घेतला तेव्हा कळलं की आपण सरसकट 'कच्चा रस्ता' म्हणतो त्यात निदान तीन जाती आहेत. एक, जाहीर सार्वजनिक रस्ता, जसा ऊडनाडाटा ट्रॅक किंवा बर्ड्सव्हिल ट्रॅक. तिथं कुणाला विचारायचं नाही, फक्त पाऊस पडला की सरकार तो बंद करतं तेवढं पाळायचं. दोन, 'पब्लिक अ‍ॅक्सेस रूट'. हे स्टेशनच्या हद्दीतूनच जातात, पण याच कायद्याखाली लोकांसाठी खुले केलेले असतात. वॉकर्स क्रॉसिंग हा त्यातला एक, काटी थांडा म्हणजे लेक एअरच्या हॅलिगन बेकडे जाणारा दुसरा. त्या मार्गावरून जायला पट्टेदाराची परवानगी लागत नाही, पण मार्ग सोडून हातभर बाजूला गेलात की तुम्ही परत त्याच्या हद्दीत. आणि तीन, बाकी सगळं. म्हणजे आमची तुटक रेष.

बाकी सगळ्याचाही नियम आहे, आणि मला तो आवडला. पायी जाणार असाल तर पट्टेदाराला नुसतं कळवायचं, तोंडी किंवा लेखी. मोटार, घोडा किंवा उंट असेल तर मात्र त्याची संमती घ्यायची. उंट! 1989 च्या कायद्यात उंट कशाला, असं पहिल्यांदा वाटलं. पण या भागाचा सगळा माल एकेकाळी उंटांवरूनच जायचा. ते उंट हाकणारे बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तान अशा ठिकाणांहून आलेले होते, इथल्यांनी त्या सगळ्यांना मिळून 'अफगाण' करून टाकलं. घान गाडीचं नाव त्यांच्यावरूनच पडलं असं इथं सांगतात. आता त्या उंटांचे वंशज रानटी होऊन वाळवंटात फिरतात. त्यांना कुणाची संमती लागत नाही.

मुक्कामाचंही लिहिलेलं आहे. घर, शेड वगैरेपासून 1 किलोमीटरच्या आत तंबू ठोकायचा नाही, आणि गुरांसाठी बांधलेल्या पाण्यापासून 500 मीटरच्या आत नाही. कारण माणूस बसलेला दिसला की रानातली गुरं पाण्यावर येत नाहीत, तहानलेली लांबच उभी राहतात. आमच्या गावच्या म्हशी माणूस दिसला की उलट जवळ येतात. तेव्हा हे कलम मी वाचलं, पण माझ्या अंगात ते शिरलं नाही. त्याचा हिशेब पुढे चुकता झाला.

संमती घ्यायची, पण कुणाची? नकाशावर स्टेशनचं एक नाव, सरकारी यादीत पट्ट्याचं दुसरंच. एकेक स्टेशन दोन-तीन पट्टे जोडून बनलेलं असतं आणि धारक म्हणून कुठल्यातरी कंपनीचं नाव असतं, जिचं ऑफिस हजार-दीड हजार किलोमीटर लांब. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आणि नांगर चुलत्याचा, तसंच थोडंफार. मी कंपनीला ईमेल केला. तीन आठवडे उत्तर नाही. दुसरा केला. त्याचंही नाही. मित्र म्हणायला लागला, "कळवलं ना आपण? उत्तर नाही म्हणजे हरकत नाही." मी कायदा काढून दाखवला. कळवणं पायी माणसाला पुरतं, मोटारवाल्याला नाही. यावर वहिनी, म्हणजे मित्राची बायको, म्हणाली, "मग चाळीस किलोमीटर चाला दोघं. आम्ही गाडीत बसतो."

शेवटी त्या सहकाऱ्यानंच सांगितलं, ईमेल सोड, स्टेशनवर फोन कर, आणि सकाळी साडेसहाला कर. सातनंतर तिथं घरात कुणी नसतं. मंगळवारी साडेसहाला केला आणि मॅनेजरनं पहिल्या रिंगला उचलला.

कुत्रा नाही, बंदूक नाही, दोन गाड्या, सहा माणसं, त्यातली दोन मुलं. सॅटेलाइट फोन आहे का? भाड्यानं घेणार. यूएचएफ रेडिओ? आहे. कुठल्या चॅनेलवर ठेवता? 40 वर. हे उत्तर बरोबर आलं असावं, कारण त्यानंतर त्याचा आवाज जरा सैल झाला. आणि मग तो म्हणाला, "जुलैत नाही."

जुलैत त्यांचं मस्टरिंग होतं, म्हणजे वर्षाची गुरं गोळा करणं. हेलिकॉप्टर, मोटारसायकली आणि माणसं घेऊन मैलोन्मैल पसरलेली जनावरं हळूहळू एका अंगाला आणतात. त्यात मधूनच दोन पांढऱ्या गाड्या आल्या की कळप फुटतो आणि चार दिवसांचं काम पाण्यात. "सप्टेंबरच्या शेवटी या," तो म्हणाला, "माश्या असतील." आणि फोन ठेवला.

आता इथं एक मजेशीर वाट होती. पट्टेदारानं नकार दिला तर मंत्र्यांकडे संमती मागता येते, असं कायद्यातच आहे. मित्राच्या अंगात एकदम ग्राहक पंचायत संचारली. "करू अर्ज! हक्क आहे आपला."

त्या रविवारी मी बाबांशी बोलत होतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या रानात जायच्या पाणंदीवर शेजाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी नांगर घातला, तेव्हापासून बाबा तहसीलदारांपुढं आहेत. या विषयात ते आता वकिलांनाही ऐकवतात. 1906 चा मामलेदार कोर्टाचा कायदा, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज, गाव नकाशावर एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग आणि दुहेरी म्हणजे गाडीमार्ग, सगळं तोंडपाठ. त्यांना माझी हकिगत सांगितली.

"तिथं वहिवाट लागत नाही का?" त्यांनी विचारलं. "वीस वर्षं लोक त्या वाटेनं जात असतील तर?"

"लोकच नाहीत, बाबा. दोनशे किलोमीटरमध्ये दहा माणसं."

"आणि रेष कशी आहे? एकेरी का दुहेरी?"

"एकेरी. पण अ‍ॅपमधली रेष आहे ती, मोजणी खात्याची नाही."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, तो माणूस फोन उचलून तुला तारीख देतोय. मी इथं दोन वर्षं तारखेच्या मागं आहे. मंत्र्याकडं जातोस कशाला?"

मंत्र्यांकडे गेलो नाही. सहल सप्टेंबरच्या शेवटच्या सुट्टीवर ढकलली. परत फोन केला, परत साडेसहाला, आणि त्या वेळी मॅनेजरनं पाच ओळींचा ईमेल पाठवला. अमुक तारखा. ठरवलेल्या चाकोरीवरूनच. पाण्यापासून लांब मुक्काम. पाऊस पडला तर यायचं नाही आणि आत असाल तर हलायचं नाही. फाटकं जशी सापडतील तशी ठेवायची. त्या पाच ओळी मी छापून गाडीत ठेवल्या, आणि चौथी मोठ्यानं वाचून दाखवली. पाचवी वाचायची गरज वाटली नाही. ती कुणाला माहीत नसते?

एक गोष्ट इथंच सांगतो, कारण मला ती मध्येच कुठंतरी कळली आणि आधी कळायला हवी होती. पट्टेदाराची संमती मिळाली म्हणजे सगळं मिळालं असं नाही. 1996 मध्ये विक लोकांच्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चराईचा पट्टा दिला म्हणून तिथल्या मूळ लोकांचे हक्क आपोआप संपत नाहीत, दोन्ही एका जमिनीवर नांदू शकतात. या राज्याच्या 1989 च्या कायद्यातही आदिवासींना आपल्या परंपरेच्या कामांसाठी या जमिनींवर यायचा-राहायचा हक्क वेगळा लिहिलेला आहे. त्यांना मॅनेजरला सकाळी साडेसहाला फोन करावा लागत नाही. काटी थांडाचा मुलूख अरबाना लोकांचा, त्यांचा हक्क 2012 मध्ये न्यायालयानं मान्य केला. म्हणजे ज्या जागेला मी मनात 'ओसाड' म्हणत होतो, तिच्यावर मी पोचण्याआधीच सरकार, कंपनी आणि अरबाना असे तिघं हजर होते.

सप्टेंबरात मरीला पोचलो आणि त्याच रात्री पाऊस आला. पाऊस म्हणजे किती, तर 7 मिलिमीटर. आमच्याकडे याला कुणी पाऊस म्हणणार नाही, श्रावणात एवढा चहा होईपर्यंत पडतो. पण सकाळी ऊडनाडाटा ट्रॅक बंद. इथली माती ओली झाली की साबण होते, वर चाक फिरलं की हातभर खोल चर पडतो, आणि तो चर पुढं महिनोन्‌महिने तसाच वाळून राहतो. दोन दिवस मरीत काढले. तिथं जुन्या उंटवाल्यांच्या मशिदीची एक प्रतिकृती आहे, मातीच्या भिंती आणि वर गवत. ती तीनदा पाहून झाली. मुलांनी पत्त्यांचे सगळे डाव संपवले.

तिसऱ्या दिवशी रस्ता उघडला. विल्यम क्रीकला मुक्काम केला आणि स्टेशनच्या तारखेला एक दिवस बाकी होता म्हणून आधी हॅलिगन बेला गेलो. विल्यम क्रीकच्या 7 किलोमीटर अलीकडे फाटा फुटतो, तिथून 64 किलोमीटर आत. हा पब्लिक अ‍ॅक्सेस रूट, म्हणून स्टेशनला फोन नाही, पुढं नॅशनल पार्क लागतं त्याचा पास मात्र आधी काढलेला. अर्धी वाट अ‍ॅना क्रीक स्टेशनमधून जाते. हे जगातलं सर्वांत मोठं गुरांचं स्टेशन म्हणून ओळखलं जातं, जवळजवळ 16 हजार चौरस किलोमीटर. अख्खा सातारा जिल्हा आत ठेवला तरी वर जागा उरेल. आम्हाला त्यात सात गुरं दिसली.

याच वाटेवर 1998 च्या डिसेंबरात एक ऑस्ट्रियन पर्यटक बाई गेली. गाडी वाळूत रुतली, ती मदतीला चालत निघाली आणि वाटेतच उन्हानं संपली. तिच्या स्मरणाची खूण रस्त्याच्या कडेला आहे. आम्ही तिथं उतरलो. मुलीनं विचारलं, गाडीत पाणी होतं का? जोडीदार गाडीपाशी होता, तो वाचला, एवढंच मी सांगितलं. उरलेला रस्ता गाडीत कुणी गाणी लावली नाहीत.

सरोवर कोरडं होतं, पांढरं. ऑस्ट्रेलियाचा सर्वांत खोल भाग इथं, समुद्रसपाटीच्या 15 मीटर खाली. अरबाना लोक तेव्हा पाहुण्यांना सरोवराच्या तळावर न उतरायची विनंती करत. आम्ही काठावर उभे राहिलो. मित्राला तेवढ्यात पाय ठेवून फोटो काढायचा मोह झाला होता. वहिनींनी नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशन. आदल्या संध्याकाळी ठरल्याप्रमाणे फोन केला, मॅनेजर म्हणाला वाळलंय, या. मित्र पुढं, मी मागं, धुळीमुळं अर्ध्या किलोमीटरचं अंतर. चार फाटकं लागणार होती. पहिलं लावलेलं, वहिनींनी उघडलं, आम्ही पार झालो, माझ्या बायकोनं लावलं. दुसरं तसंच. तिसऱ्याला मी पोचलो तर फाटक सताड उघडं. साखळी लोंबतेय. मला वाटलं, पुढच्यांनी आपल्यासाठी उघडं ठेवलं. खाली उतरलो, फाटक जरा जड गेलं, पायानं एक दगड ढकलला, ओढून लावलं, साखळी घातली. मनात म्हटलंसुद्धा, लोक कसे विसरतात.

खांब सापडले. बारा मोजले, काही वाकलेले, काही गंजून लाल. झरा म्हणजे एका उंचवट्याच्या माथ्यावर परातीएवढं पाणी आणि भोवती लव्हाळं, बाकी चारी दिशांना काही नाही. मित्र त्या खांबांना हात लावून कितीतरी वेळ उभा होता. त्यानं आम्हाला मोर्सचं कडकट्ट ऐकवायचा प्रयत्न केला, त्याविषयी जास्त लिहीत नाही. माश्या होत्या. मॅनेजरनं सांगितल्या होत्या त्यापेक्षा जास्त.

मुक्काम पाण्यापासून लांब. रात्री खिचडी खाताना मित्र सहज म्हणाला, "ते तिसरं फाटक बरं उघडं होतं. दगड लावून ठेवलेला. पाण्यासाठी असणार."

माझा घास तिथंच राहिला. "मी लावलं ते."

"म्हणजे?"

"लावलं. साखळी घातली."

नकाशा काढला. पाण्याची टाकी फाटकाच्या अलीकडे, म्हणजे आमच्या अंगाला. गुरं पलीकडे. दुपारभर 34 अंश होतं. सॅटेलाइट फोन मी बाहेर काढला आणि परत खिशात ठेवला. बायको म्हणाली, "करा आता. तुम्हीच पाच आठवडे लावलेत ना त्याचा नंबर मिळवायला." केला.

मॅनेजर गप्प ऐकून घेत होता. मग म्हणाला, "किती वाजता लावलं?" अकराला. "हं." बराच वेळ नुसती खरखर. "आता निघू नका, रात्री गुरं चाकोरीवर बसतात, एखादं मारून बसाल. उजाडताना जा. दगड तिथंच असेल बघा." आणि ठेवला.

झोप कुणाला लागली माहीत नाही. साडेचारला मी आणि मित्र एका गाडीतून निघालो, 19 किलोमीटरला तास लागला. फाटकापाशी पोचलो तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटलं होतं. कुंपणाला लागून गुरं उभी होती, तीस-पस्तीस तरी. आवाज नाही, धक्काबुक्की नाही. नुसती तोंडं फाटकाकडे.

पाण्यावर माणूस बसला की गुरं येत नाहीत हे कलम मला तेव्हा आठवलं. साखळी काढली, फाटक पूर्ण उघडलं, आणि गाडी दोनशे मीटर मागं नेऊन दिवे बंद करून बसलो. पहिली गाय बराच वेळ तशीच उभी राहिली. मग निघाली, आणि तिच्यामागं बाकीच्या, एकेक, चाकोरीतूनच, टाकीकडे.

शेवटचं वासरू गेल्यावर आम्ही चालत फाटकापाशी आलो. वाऱ्यानं ते हळूहळू मिटायला लागलं होतं. मित्र ओणवा होऊन फोनच्या उजेडात दगड शोधत होता. दगड तिथं पुष्कळ होते. "हा?" मी विचारलं. "हा नाही," तो म्हणाला, "त्याच्याखाली खळगा पाहिजे." खळगा मला सापडला, दगड त्याला.